दोघांची जपान ट्रिप : मुळ्याचा नैवेद्य, कोयासानची रात्र आणि शाकाहारी पोटाची सोय

मूळ धागा

मंडळी, नोव्हेंबरात आम्ही दोघं जपान करून आलो. टूर कंपनी वगैरे काही नाही, सगळं आपलं आपण बुक केलं. मुलं आपापल्या नोकऱ्यांत, त्यामुळे फक्त नवरा आणि मी. आल्यापासून सोसायटीत, नातेवाइकांत जो भेटेल तो दोनच गोष्टी विचारतो, खर्च किती आला आणि खाल्लंत काय. ते सांगेनच, पण आधी जे मनापासून सांगायचंय ते सांगते. टोकियो, हाकोने, क्योटो, ओसाका हा ठरलेला रस्ता सगळेच करतात, करावाच. पण त्यातला एखादा थीम पार्कचा नाहीतर शॉपिंगचा दिवस कापा आणि कोयासानच्या डोंगरावर देवळात एक मुक्काम करा. आणि देवळं बघताना नुसते फोटो काढत सुटू नका, आत कोण बसलंय ते नीट बघा, कारण निम्म्या ठिकाणी आपल्याच ओळखीची मंडळी निघतात.

आमचं आधीच ठरलं होतं, ट्रेन आणि किल्ले त्याच्या आवडीचे, देवळं आणि बागा माझ्या. सुरुवात टोकियोपासून. असाकुसाचं सेन्सोजी देऊळ, तो मोठा लाल कंदील असलेला दरवाजा, त्यापुढची दुकानांची रांग, हे सगळ्यांनी व्हिडिओत पाहिलेलं असतं आणि गर्दी म्हणजे गणपतीतली लक्ष्मी रोडची गर्दी. बघून घ्या आणि पुढे चाला. तिथून साधारण दहा मिनिटांवर सुमिदा नदीच्या बाजूला एका छोट्या टेकाडावर मात्सुचियामा शोदेन नावाचं देऊळ आहे. तिथला देव म्हणजे कांगितेन, अर्थात आपला गणपती! जपानमध्ये तो बऱ्याचदा दोन हत्तीमुखी मूर्ती एकमेकींना मिठी मारून उभ्या अशा रूपात असतो, पण मूर्ती कुणाला दाखवत नाहीत, ती कायम आत बंद. लोक त्याच्याकडे धंद्यात बरकत आणि नवरा-बायकोत गोडी मागतात. आणि नैवेद्य काय, तर मुळा. पांढरा शुभ्र, हातभर लांब डायकोन मुळा तिथेच विकत मिळतो, तो घ्यायचा आणि देवापुढे ठेवायचा.

आमच्या पुढे एक आजी होत्या, कमरेत वाकलेल्या, त्यांनी मुळा दोन्ही हातांत आडवा धरून ठेवला, मग दोन पावलं मागे सरून कितीतरी वेळ वाकून उभ्या राहिल्या. आम्हीही एक मुळा घेऊन तसाच ठेवला. देवळात जिकडे बघाल तिकडे एकमेकांत अडकवलेले दोन मुळे आणि पैशांची बांधलेली थैली कोरलेली. वाहिलेले मुळे नंतर येणाऱ्यांना घरी न्यायला देतात, म्हणजे प्रसादच झाला की. सेन्सोजीला हजारो माणसं आणि इथे आम्ही धरून जेमतेम दहा. मी अथर्वशीर्ष मनातल्या मनात म्हटलं. नवरा एरवी देवळाबाहेर चपला सांभाळत उभा राहणारा माणूस, तोही हात जोडून उभा होता.

वेनोच्या तलावातल्या देवळात सरस्वती आहे, बेनझायतेन म्हणतात तिला, जपानमध्ये तिच्या हातात बहुधा वीणेच्या जागी बिवा नावाचं तंतुवाद्य दाखवतात. तलावात उन्हाळ्यात कमळं असतात, नोव्हेंबरात नुसते वाळके देठ. धावती भेट पुरे.

टोकियोहून क्योटोला शिंकान्सेननं, म्हणजे बुलेट ट्रेननं. नवऱ्याचा सगळ्यात आनंदाचा दिवस. ही गाडी पहिल्यांदा धावली १ ऑक्टोबर १९६४ ला, टोकियो ऑलिम्पिकच्या तोंडावर. टोकियोहून जाताना ई नंबरची सीट घ्या, उजवीकडची खिडकी, हवा स्वच्छ असेल तर पाऊण तासात फुजी दिसतो. आम्हाला दिसला, पायथ्यापर्यंत अख्खा, अख्खा डबा उठून उभा राहिला.

क्योटोत सोनेरी देऊळ, किंकाकुजी, बघितलंच. एका तरुण भिक्षूनं १९५० मध्ये ते जाळलं होतं आणि आता उभं आहे ते १९५५ चं. सुंदर आहे, गर्दीही तशीच आहे. पण मला क्योटोत सगळ्यात जास्त काय आवडलं असं विचाराल तर सांजुसानगेन्दो. साधारण १२० मीटर लांब लाकडी दालन, आत्ताची इमारत १२६६ ची, आणि त्यात सहस्रभुज कान्नोनच्या, म्हणजे अवलोकितेश्वराच्या १००१ मूर्ती ओळीनं उभ्या. बूट काढून आत शिरायचं, फोटोला सक्त मनाई, त्यामुळे सगळे खरोखर बघत असतात. मूर्तींपुढे २८ रक्षक देवता उभ्या आहेत आणि त्यांच्या पाट्यांवर संस्कृत नावं आहेत. एकेक वाचत जायला लागलो आणि पाय हलेनात. ब्रह्मा, इंद्र, नारायण, वासुकी! गरुड आहे तो माणसासारखा उभा, चोच आहे, पंख आहेत आणि बासरी वाजवतोय. वसू नावाचे एक म्हातारे ऋषी आहेत, काठी टेकलेले, छातीच्या बरगड्या मोजून घ्या, आणि डोळ्यांत स्फटिक बसवलेत त्यामुळे उजेड पडला की ते बघतायत असंच वाटतं. नवरा म्हणाला, आळंदीच्या वाटेवर असा एक तरी म्हातारा दिसतोच. एक टोक ते दुसरं टोक आम्ही दोनदा गेलो, शेवटी बंद व्हायची वेळ झाली म्हणून बाहेर पडलो.

नाराला क्योटोहून ट्रेननं पाऊण-एक तास. हरणं रस्त्यात फिरतात, बिस्किटं दाखवली की माना तुकवतात, लहान मुलांना धक्के पण देतात तेव्हा जपून. पण नाराचं खरं कारण म्हणजे तोदाइजीचा महाबुद्ध. वैरोचन बुद्ध, ब्राँझचा, बसलेला असून सुमारे १५ मीटर उंच. या मूर्तीचे डोळे उघडायचा सोहळा झाला ७५२ साली आणि तो कुणाच्या हातून, तर बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूच्या! ७३६ साली हा माणूस समुद्रमार्गे जपानला पोचला होता. पेणच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी करताना जशी सगळ्यांची नजर त्या एका कुंचल्यावर असते तसंच तिथे झालं असणार, फक्त इथे कुंचल्याला लांबच लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्या लोकांनी त्या धरल्या होत्या, म्हणजे डोळे उघडण्याचं पुण्य सगळ्यांना मिळावं. तो कुंचला अजून तिथल्या शोसोइन भांडारात जपून ठेवलाय. मूर्तीची त्यानंतर बऱ्याचदा डागडुजी झाली, देऊळही आगीत गेलं, आत्ताचं १७०९ चं, मूळच्यापेक्षा लहान आणि तरीही मान वर करून दुखते. एका खांबाला भोक आहे, बुद्धाच्या नाकपुडीएवढं म्हणतात, त्यातून पोरं सरपटत जातात.

कोयासान वेगळ्या प्रतिसादात लिहिते, ते घाईत उरकायचं नाहीये. तोवर प्रश्न विचारा.

डोंबिवलीकर

मस्त चाललंय, पण ताई आधी खाण्याचं सांगा हो. आम्ही दोघंही शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. माझे साडू गेले होते तर म्हणाले केळी आणि बिस्किटांवर दिवस काढले. हिचं तर म्हणणं आहे की असं असेल तर जायचंच नाही.

धागाकर्ती

अहो वहिनींना सांगा जायचं, नक्की जायचं. फक्त थोडी तयारी लागते. अडचण मांसाची नाहीच, अडचण आहे दाशीची. माशाच्या वाळवलेल्या किसाचा स्टॉक असतो तो आणि जवळजवळ सगळ्यात असतो, मिसो सूप, नूडल्सचं पाणी, उकडलेल्या भाज्या, सगळ्यात. तिथल्या माणसाला "मांस नको" सांगितलं तर तो प्रामाणिकपणे मासे घालून देतो, त्याच्या दृष्टीनं त्यानं तुमचं ऐकलेलं असतं. म्हणून जपानीत स्पष्ट लिहिलेला कागद जवळ ठेवा, मांस, मासे, माशाचा दाशी, अंडं, काहीही नको असा. आम्ही छापून लॅमिनेट करून नेला होता, जिथे जमत नव्हतं तिथे ते वाचून वाकून माफी मागायचे आणि सरळ नाही म्हणायचे, हे मला फार बरं वाटलं, उगाच फसवाफसवी नाही.

सकाळी आम्ही खोलीतच खायचो. मेतकूट, भाजलेले पोहे, दाण्याची चटणी, खाकरे, उपम्याची पाकिटं. फळं, भाज्या आणि मांसाचं काहीही नेता येत नाही, कढीपत्त्याची ताजी पानंसुद्धा ठेवू नका बॅगेत. हॉटेलात किटली बहुतेक असतेच. इथली इंडक्शन नेऊ नका, तिकडे वीज १०० व्होल्टची आहे, आणि प्लग चपट्या दोन पिनांचा, ॲडॅप्टर घ्या. दुपारी कोंबिनीतला, म्हणजे त्या चोवीस तास दुकानांतला ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, उमेबोशीचा किंवा कोम्बूचा, म्हणजे समुद्री शेवाळाचा. उमेबोशी म्हणजे खारवलेलं आंबट जर्दाळूसारखं फळ, लोणच्याची सवय असलेल्या माणसाला पहिल्या घासात आवडतं. काटेकोर असाल तर पाकिटावरचे घटक फोनच्या कॅमेऱ्यानं भाषांतर करून वाचा, काहींत दाशी असतो. संध्याकाळी इंडियन रेस्टॉरंट, जवळपास प्रत्येक शहरात आहेत, पुष्कळशी नेपाळी मंडळी चालवतात, मेनूत बटर नान प्रचंड, पण डाळ-भात सांगितला तर करून देतात. क्योटोत नान्झेन्जी देवळाच्या आसपास यूदोफू मिळतं, कोम्बूच्या पाण्यात उकळलेलं मऊ टोफू, नुसतं मीठ घालून सुद्धा छान लागतं, पण सोबतच्या सॉसमध्ये दाशी असतो तो बाजूला ठेवा.

आणि अख्ख्या जपानात शाकाहारी माणसाला निर्धास्त, ताट भरून जेवायला मिळतं ते कोयासानला. लिहितेय.

तोक्योवासी

मी टोकियोत बरीच वर्षं आहे, थोडी भर घालतो. एक, जेआर पास, म्हणजे पर्यटकांसाठीचा जपान रेल्वेचा पास. आपल्याकडे अजूनही सगळे डोळे झाकून घेतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये ७ दिवसांचा पास २९,६५० येनवरून एकदम ५०,००० झाला. टोकियो-क्योटो एका बाजूचं तिकीट साधारण १४ हजार येन. म्हणजे जाऊन येऊन सुद्धा पास वसूल होत नाही, हिरोशिमापर्यंत गेलात तरी हिशोब करूनच घ्या. दोन, बॅगा. स्टेशनांवर जिने चढत बॅगा ओढू नका, ताक्क्यूबिन नावाची सेवा आहे, काळ्या मांजरीचं चित्र असलेल्या गाड्या दिसतील, हॉटेलच्या काउंटरवर बॅग द्यायची, दुसऱ्या दिवशी पुढच्या शहरातल्या हॉटेलात हजर. बॅगेमागे दोन-तीन हजार येन. टोकियो-ओसाका शिंकान्सेनमध्ये लांबी-रुंदी-उंची मिळून १६० सेंमीपेक्षा मोठी बॅग असेल तर वेगळी जागा आधीच राखून ठेवावी लागते. तीन, देशी सामान हवं असेल तर निशि-कासाई. भारतीय आयटीवाल्यांची मोठी वस्ती आहे, तूरडाळ, गव्हाचं पीठ सगळं मिळतं. याच एदोगावा वॉर्डाच्या सभेवर २०१९ ला योगेंद्र पुराणिक निवडून आले होते, आपला मराठी माणूस, इकडे योगी म्हणून ओळखतात.

आणि धागाकर्ती ताई, मी इतकी वर्षं असाकुसाला पाहुण्यांना फिरवतोय पण शोदेनला फक्त लांबून पाहिलंय. ७ जानेवारीला तिथे मुळ्याचा उत्सव असतो, उकडलेला गरम मुळा वाटतात, यंदा जाणार.

धागाकर्ती

तोक्योवासी, ताक्क्यूबिनला तर शंभर मार्क. नवऱ्याचा गुडघा दुखतो, बॅगा ओढाव्या लागल्या असत्या तर निम्मी ट्रिप झालीच नसती. गुडघेवाल्यांसाठी अजून एक, फुशिमी इनारी, ती लाल कमानींची टेकडी, सगळी चढायची काहीच गरज नाही. २३३ मीटर उंच आहे, पहिला टप्पा करून मागे फिरलं तरी चालतं. देऊळ चोवीस तास उघडं असतं, आम्ही पहाटे गेलो तर कमानींच्या बोगद्यात आम्ही दोघं आणि झाडणारा एक माणूस. प्रत्येक कमान कुणीतरी दान दिलेली, परत येताना मागच्या बाजूला दात्याचं नाव आणि तारीख दिसते.

आता कोयासान.

ओसाकातल्या नाम्बा स्टेशनवरून नानकाई लाइनची ट्रेन, शेवटच्या गोकुराकुबाशी स्टेशनला उतरायचं, तिथून केबल कार, मग बस. ट्रेन शेवटी शेवटी अगदी डोंगराच्या कुशीतून वळणं घेत जाते. वर साधारण ८०० मीटरवर एक अख्खं गावच देवळांचं आहे. ८१६ साली कूकाई नावाच्या आचार्यांनी वसवलं, हे चीनला जाऊन शिकून आले होते, तिथे प्रज्ञ नावाच्या भारतीय पंडिताकडे संस्कृत शिकले. १८७२ पर्यंत बायकांना गावात प्रवेशच नव्हता. वेशीवर एक छोटं देऊळ आहे, न्योनिन्दो, तिथपर्यंतच बायका यायच्या आणि डोंगराच्या कडेकडेनं फिरून लांबून दर्शन घ्यायच्या. बस तिथूनच पुढे जाते. मी मुद्दाम चालत परत आले आणि तिथे जरा वेळ बसले. लांबून डोंगर चढून आलेल्या त्या सगळ्या बायका आणि इथूनच मागे फिरायचं, मला अजून राग येतो.

पन्नासेक देवळांत राहायची सोय आहे, शुकुबो म्हणतात. माणशी १५-२० हजार येनच्या आसपास, दोन जेवणं धरून. महाग आहे, मान्य. जमिनीवर ताटामी, म्हणजे गवती चटया, गाद्या तेच घालून देतात, बाहेर बाग. यूकाता, म्हणजे तिथला सुती झगा, नेसताना डावी बाजू वर घ्यायची, उजवी वर फक्त मेलेल्या माणसाला घेतात, हे लक्षात ठेवा. आंघोळ सगळ्यांची एकत्र हौदात, बायका-पुरुष वेगळे. जेवण संध्याकाळी साडेपाचलाच. लाखेची लाल छोटी छोटी चौरंगासारखी ताटं, एकात तिळाचं टोफू, एकात कोया-दोफू म्हणजे थंडीत गोठवून वाळवलेलं टोफू, ते रस्सा स्पंजसारखा पिऊन बसतं, भाज्यांचे तेंपुरा, लोणचं, भात, सूप. मांस-मासे नाहीत, दाशीपण कोम्बू आणि शिताके अळंबीचा, कांदा-लसूणसुद्धा नाही. नवरा दोनदा भात मागून जेवला. तरुण भिक्षू वाढत होता, त्यानं विचारलं इंदो? म्हटलं हो, तर हात जोडून वाकला.

पहाटे सहाला पूजा. त्यानंतर गोमा, आणि ते बघितल्यावर आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं कारण तो सरळसरळ होम होता. कुंड, त्यात तूपासारखं तेल पळीनं, समिधा एकावर एक रचलेल्या, मंत्र, मध्येच ढोल. लोकांनी आपली इच्छा लिहिलेल्या लाकडी पट्ट्या गुरुजी एकेक करून आगीत टाकत होते. आम्ही आदल्या रात्रीच आपली लिहून दिली होती. मराठीत लिहिली तरी चालेल का विचारलं तर म्हणाले देवाला कळेल. पट्टी आगीत गेली तेव्हा नवऱ्यानं डोळे पुसले, धुरामुळे असेल किंवा नसेल, मी विचारलं नाही. आईचं नाव लिहिलं होतं त्यानं.

नंतर ओकुनोइन. दोन लाखांहून जास्त थडगी, दोन किलोमीटरचा रस्ता, दोन्ही बाजूंनी शेकडो वर्षांची सीडर झाडं. घाबरायचं काहीच नाही, उलट इतकं शांत. पुष्कळ थडग्यांवर पाच दगड एकावर एक, खाली चौकोन, मग गोल, मग उतरत्या छपरासारखा त्रिकोण, मग अर्धगोल, वर मण्यासारखा. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. पंचमहाभूतं! आणि त्यांवर सिद्धम लिपीत अक्षरं, अ, व, र, ह, ख. आम्हाला वाचता येत नव्हती, पण तिथल्या माहितीपत्रकात होती ती आम्ही एकेक दगडाशी लावून बघत गेलो. मोठमोठ्या सरदारांची थडगी आहेत, कंपन्यांचीही आहेत, एक रॉकेटच्या आकाराचं आहे, एक तर वाळवीनाशक व्यावसायिकांच्या संघटनेनं मारलेल्या वाळवीच्या स्मरणार्थ उभारलंय. शेवटच्या पुलापलीकडे टोपी, फोटो, खाणंपिणं बंद. तिथे कूकाई ८३५ पासून समाधीत बसलेत, मेलेले नाहीत अशी श्रद्धा, म्हणून आजही रोज दोन वेळा त्यांना जेवण नेतात. आम्ही उभे असताना साडेदहाला दोन भिक्षू लाकडी पेटी खांद्यावर घेऊन गेले. पुढे आळंदी आणि ज्ञानोबांची समाधी आठवल्याशिवाय कसं राहील?

आणि हे खास आपल्यासाठी, कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, सप्टेंबर २०१५ मध्ये उभारला. इतक्या लांब, जपानच्या एका डोंगरगावात, बाबासाहेब. आम्ही नमस्कार करून आलो. जाणाऱ्यांनी तेवढी वाकडी वाट करा, बसस्टॉपपासून फार लांब नाही.

नागपूरची

जय भीम ताई. पुतळ्याचं वाचून अंगावर काटा आला, आईबाबांना घेऊन जायची फार इच्छा आहे. बाबा ६८ चे, चालायला बरे आहेत. जमेल का त्यांना, खाली बसता येत नाही फार वेळ.

धागाकर्ती

जय भीम. जमेल, नक्की घेऊन जा. बुक करताना खुर्ची-टेबल आणि शक्य तर पलंग असलेली खोली मागा, बऱ्याच शुकुबोत आता असते. पूजेच्या वेळी मागे छोटे स्टूल ठेवलेले असतात. ओकुनोइनला दोन रस्ते आहेत, लांबचा इचिनोहाशीपासून आणि जवळचा नाकानोहाशीपासून, बसनं दुसऱ्या स्टॉपला उतरलात की निम्मंच चालावं लागतं. नोव्हेंबर मध्यानंतर वर चांगलीच थंडी असते, रात्री शून्याच्या आसपास जातं, थर्मल हवेतच.

ठाणेकर

माझं थोडं वेगळं मत. आम्हीही कोयासान केलं होतं, चांगलंय, पण येऊन जाऊन दीड दिवस जातो आणि पहिल्यांदा जपान बघणाऱ्याला तेवढ्यात हिरोशिमा-मियाजिमा जास्त महत्त्वाचं वाटतं मला. सगळ्यांनाच देवळांत इतका रस नसतो. माझ्या बायकोला तर तिसऱ्या देवळानंतर पुरे झालं.

धागाकर्ती

मत मान्य, पण मी एकाच्या जागी दुसरं म्हणतच नाहीये, मी शॉपिंगचा दिवस कापा म्हणतेय. आम्ही दोन्ही केलं. हिरोशिमाबद्दल मी मूळ पोस्टमध्ये लिहिलं नाही कारण ते देवळांच्या ओघात येणारं नाही.

म्युझियमचं तिकीट फक्त २०० येन आहे, शाळेच्या सहली सतत येत असतात. आत एक लहान मुलाची तिचाकी सायकल आहे, गंजलेली, जळलेली, तीन वर्षांच्या पोराची. बापानं आधी पोराबरोबरच ती पुरली होती, कितीतरी वर्षांनी म्युझियमला दिली. तिथे शाळकरी मुलांची रांग माझ्यासमोर थांबली होती, कुणी एक शब्द बोलत नव्हतं. बाहेर तो घुमट, ६ ऑगस्ट १९४५ ला सकाळी सव्वाआठला जवळजवळ डोक्यावरच बॉम्ब फुटला म्हणून भिंती उभ्या राहिल्या. आम्ही नदीकाठी बाकावर बराच वेळ बसलो.

मग नवऱ्यानं ट्राममध्ये बसवलं. हिरोशिमाची ट्राम स्फोटानंतर तिसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, थोड्या भागात का होईना परत सुरू झाली होती आणि बॉम्बहल्ल्यात सापडलेल्या डब्यांतले ६५१ आणि ६५२ अजून आहेत. आम्हाला ६५२ दिसला, नवरा धावत जाऊन उभा राहिला स्टॉपवर आणि खिडकीच्या लाकडावर हात ठेवून पूर्ण रूट बसून राहिला. त्याला किल्ले-ट्रेन सगळं आवडलं पण घरी आल्यावर तो सगळ्यांना सांगतो ते या डब्याचं. जपानला जाऊन हिरोशिमा चुकवू नये, इथे ठाणेकरांशी मी पूर्ण सहमत.

मियाजिमाची समुद्रातली कमान भरती-ओहोटी बघून करा, भरतीला पाण्यात तरंगल्यासारखी आणि ओहोटीला पायाशी चालत जाता येतं. आत्ताची १८७५ ची आहे आणि समुद्रतळात पुरलेली नाही, नुसत्या स्वतःच्या वजनावर उभी आहे. बेटावर जाताना १०० येन कर.

पौडरोडी

ओकायामाला उतरलात की नाही? पुण्याच्या सिंहगड रोडवरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात लहानपण गेलंय माझं, त्याचं मूळ तिकडेच ना.

धागाकर्ती

उतरलो तर! ओसाका-हिरोशिमाच्या मधलंच स्टेशन आहे, बॅगा लॉकरमध्ये टाकून तीन-चार तासांत होतं. कोराकुएन, १७०० साली पूर्ण झालेली बाग, जपानच्या तीन नामांकित बागांतली एक. मोठमोठी हिरवळ, मधून वाहणारे पाट, छोटंसं भातखाचर आणि चहाचा मळा सुद्धा आहे, पलीकडे काळा किल्ला. पुण्याची बाग यावरूनच बेतलेली. पुलावर उभं राहिल्यावर पाण्याकडचं वळण आणि दगडांची मांडणी इतकी ओळखीची वाटली की आम्ही दोघं एकदमच म्हणालो, अरे सिंहगड रोड! लग्नाआधी आम्ही दोघं सिंहगड रोडवरच भेटायचो, त्यामुळे आमच्यासाठी ते वेगळंच झालं. पुणेकरांनी नक्की उतरा.

डोंबिवलीकर

हिला सगळं वाचून दाखवलं, तयार झाली. आता व्हिसा आणि खर्चाचं थोडं सांगा, मग तारखा बघतो. एप्रिल बरा की नोव्हेंबर?

धागाकर्ती

वा वा, फार आनंद झाला. व्हिसा आपल्याला आता ई-व्हिसा मिळतो, व्हीएफएस या व्हिसा अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या मार्फत. निघायच्या आधी 'व्हिजिट जपान वेब'वर माहिती भरून क्यूआर कोड घेऊन ठेवा, विमानतळावर वेळ वाचतो. खर्चाचं म्हणाल तर येनचे निम्मे करून वर थोडे वाढवले की रुपये, एवढा हिशोब डोक्यात ठेवा. साधं बिझनेस हॉटेल दोघांना रात्री १२ ते २० हजार येन, खोल्या लहान पण चकाचक. क्योटोत नोव्हेंबरात आणि चेरीच्या दिवसांत हेच दर कुठल्या कुठे जातात, त्यामुळे तिथलं सगळ्यात आधी बुक करा किंवा ओसाकात राहून रोज क्योटो करा, ट्रेननं अर्धा तास तर लागतो.

चेरी टोकियोत मार्चच्या शेवटी येते, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यानंतर गेलात तर तिथे फुलं मिळण्याची खात्री नाही. लाल पानं क्योटोत नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात. दोघांचंच जायचं असेल तर मी नोव्हेंबर म्हणेन, हवा कोरडी, आकाश निळं आणि फुजी दिसण्याची शक्यता जास्त. कोयासानचं बुकिंग मात्र चार-सहा महिने आधी, शनिवार-रविवार टाळून. हिला सांगा मेतकूट भरपूर घ्या, आमचं पाचव्या दिवशी संपलं होतं.